आत्याच्या ओव्या मोबाइलवर नीट कशा रेकॉर्ड कराव्यात

ज्या गळ्याचं नाव कधी कुठल्या कॅसेटवर आलं नाही, असा एक तरी गळा गावात असतोच. काकड आरतीला पहिला सूर लावणारे आजोबा असतात, नाहीतर हळद दळायला जिला आधी बोलावणं जातं ती आत्या. त्यांना स्टुडिओत न्यायची गरज नाही. तुमच्या खिशातला फोन पुरतो, फक्त तो जरा समजून वापरायला हवा. इथे मी जात्यावरच्या ओव्या डोळ्यांसमोर ठेवल्या आहेत, कारण गिरणी आली तशी या गाण्याची रोजची जागाच गेली. भजन, गोंधळ, पोवाड्यालाही बरंचसं तेच लागू पडतं.

आधी नुसतं जा

पहिल्या भेटीत फोन बाहेर काढू नका. चहा घ्या, गप्पा मारा, जातं कुठे ठेवलंय ते विचारा. "मला मेलीला कुठं येतंय" हे उत्तर ठरलेलं असतं, त्यावर विश्वास ठेवायचा नाही. माझ्या आत्याला खाटेवर बसवून गायला सांगितलं तर दोन ओव्यांनंतर तिला पुढचं आठवेना. मग मूठभर ज्वारी घालून खुंटा हातात दिला, तर अकरा ओव्या ओळीने आल्या. हात थांबला की ओवीही थांबायची. तेव्हा जातं खरं हवं आणि दाणे खरे हवेत. जमलं तर समोर तिची जाऊ किंवा शेजारीण बसवा. एकीने ओवी उचलायची आणि दुसरीने धरायची, ही या गाण्याची मूळ रीत. एकटीला गायला लावलं तर निम्मं गाणं हरवतं.

जागा आणि वेळ

पंखा बंद, फ्रिजचा प्लग काढलेला. माझं पहिलं रेकॉर्डिंग पंख्याच्या घरघरीने आणि शेजारच्या कुकरच्या तीन शिट्ट्यांनी गेलं. पत्र्याच्या मोकळ्या खोलीत आवाज घुमतो. धान्याची पोती आणि गोधड्यांची चळत असलेली खोली त्याहून कितीतरी चांगली, कारण कापड आणि पोती घुमणारा आवाज शोषून घेतात. सकाळी कोंबडे, संध्याकाळी गुरं आणि टीव्ही. दुपारी जेवणं आवरल्यावर गाव जरा गप्प असतं. आणि दिवे गेले तर वैतागू नका, रेकॉर्डिंगला त्याहून बरा मुहूर्त नाही.

फोनची तयारी

फोन फ्लाइट मोडवर टाका. रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये 'वेव्ह' किंवा 'लॉसलेस' (म्हणजे आवाज न दाबता जसाच्या तसा) असेल तर तेच निवडा. वेव्ह फाइल स्टिरिओत मिनिटाला साधारण 10 एमबी घेते, म्हणजे तासाभराला 600 एमबीच्या आसपास. तेवढी जागा आधीच रिकामी करा. व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हॉइस नोटवर रेकॉर्ड करू नका, त्यात आवाज दाबला जातो. तयार फाइल पाठवायचीच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

फोन जमिनीवर ठेवलात तर जात्याची घरघरच जास्त येईल. एखादा डबा पालथा घाला, त्यावर घडी केलेली गोधडी आणि त्यावर फोन. उंची गाणारीच्या छातीएवढी, अंतर हातभर, तोंडाच्या थेट समोर नाही तर जरा बाजूला. म्हणजे 'प' आणि 'फ'चा फुसकारा माइकवर आदळत नाही. बांगड्या वाजतात म्हणून त्या काढायला सांगू नका. सवाशीण बाईला असं सांगणं शोभतही नाही, आणि तो आवाज त्या गाण्यातलाच आहे. फार वाजत असतील तर फोन थोडा वर सरकवा. संबळ, हलगी असेल तर मात्र दोन-तीन मीटर मागे जा, नाहीतर आवाज फाटतो.

वीस सेकंद रेकॉर्ड करून इयरफोन लावून ऐका. हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी करत नाही.

रेकॉर्डिंग चालू असताना

सुरुवातीला तिच्याच तोंडून नाव, गाव, तालुका आणि तारीख येऊ द्या. मग तुम्ही गप्प. "वा वा" नको, विसरली तर ओळ पुरवणं नको, "आत्या, मोठ्याने" तर नकोच. ओवी संपल्यावर पाच सेकंद थांबून मग बंद करा. गाणं झाल्यावर विचारा: ही कुणाकडून शिकलीस, माहेरी का सासरी? यातला भाऊ कुठला? या शब्दाचा अर्थ काय? ही बोलणीही रेकॉर्ड होऊ द्या. ओव्या लिहून घेताना 'पानी'चं 'पाणी' करू नका.

हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी 1980च्या दशकापासून महाराष्ट्रातल्या गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. आता त्या 'पारी' या ग्रामीण भारताच्या डिजिटल संग्रहात आहेत. तिथे ओवीसोबत बाईचं नाव, गाव, व्यवसाय असा तपशील सापडतो. तुमच्या फाइलचं नावही तसंच ठेवा: आधी तारीख, मग गाव, गाणारीचं नाव, विषय. 'न्यू रेकॉर्डिंग 47' हे सहा महिन्यांनी तुम्हालाही कळणार नाही. तीन प्रती करा आणि त्यातली एक घराबाहेर ठेवा.

परवानगी

ओवी परंपरेची असली तरी आवाज तिचा आहे. 1957च्या कॉपीराइट कायद्यात गाणाऱ्याचा स्वतःचा हक्क मान्य केलेला आहे. तो 50 वर्षं टिकतो, आणि 2012च्या दुरुस्तीने आपलं नाव लावलं जाण्याचा हक्कही त्याला मिळाला. म्हणून प्रश्न वेगवेगळे विचारा: घरात ठेवू का? लोकांना ऐकवू का? नाव लावू का? पैसे आले तर कुणाच्या खात्यात? तिचं उत्तरही रेकॉर्ड करा. जात्यावर सासूविषयी जे गायलं जातं, ते चावडीवर जावं असं तिला वाटेलच असं नाही. ती नको म्हणाली तर ती ओवी घरातच राहील.

बाहेर टाकताना

यूट्यूबवर आधी 'अनलिस्टेड' (लिंक असेल त्यालाच दिसेल असं) टाकून लिंक तिच्या घरी पाठवा. शीर्षकात तिचं नाव आणि गाव, खाली ओव्यांचे शब्द. गाण्याखाली तबल्याचा ठेका किंवा कीबोर्ड घालायचा मोह आवरा. जातं हाच तिचा ठेका आहे, आणि तो प्रत्येक फेऱ्याला थोडा पुढेमागे होतो. तीस सेकंदांची रील जरूर करा, पण पूर्ण गाणं कुठेतरी अखंड असू द्या.

कुणालाही ऐकवण्याआधी मात्र तिला स्पीकरवर ऐकवा. माझी आत्या पदर तोंडाला लावून शेवटपर्यंत ऐकत बसली, आणि मग म्हणाली, "तिसरी चुकली बघ. परत घे." परत घेतली. दोन्ही फाइली ठेवल्या आहेत.