टरेटमधली उखळी तोफ: आराखडा काढताना आणि त्यावर लिहिताना या चुका टाळा

आठ चाकांची चिलखती गाडी, वर रणगाड्यासारखा टरेट (तोफेचा फिरणारा बुरूज), त्यातून बाहेर आलेली १२० मिमीची आखूड नळी आणि खाली एक ओळ: ‘मूळ तोफेच्या जागी मॉर्टर बसवली आहे.’ अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचे प्रकल्प, स्केल मॉडेल करणाऱ्यांच्या वह्या, संरक्षणावरचे मराठी लेख, सगळीकडे ही ओळ मला इतक्यांदा भेटली की शेवटी तिच्यावरच लिहायला बसलो. खरी गफलत ‘बसवली’ या शब्दात आहे. मॉर्टर, म्हणजे उखळी तोफ, टरेटमध्ये नुसती बसत नाही. तिच्यासाठी छताची उंची, सांगाडा, बॉम्ब ठेवायची जागा, माणसांची बैठक, सगळे पुन्हा मांडावे लागते.

जमिनीवरची उखळी तोफ साधी असते, कारण तिचे सगळ्यांत अवघड काम जमीन करते. नळी, पुढे दोन पायांचा आधार आणि खाली जाड तळपट्टी. बॉम्ब तोंडातून सोडायचा, तो उखळात मुसळ पडावे तसा खाली जातो, बुडाशी आपटून पेटतो आणि आल्या वाटेने बाहेर पडतो. धक्का तळपट्टीतून मातीत जिरतो. गाडीवर चढवली की ही माती नाहीशी होते. पुढच्या बहुतेक चुकांचे मूळ इथे आहे.

छत उघडणारी गाडी म्हणजे टरेट नव्हे

ही सगळ्यांत सामान्य चूक, आणि ती आपल्याच गाडीबद्दल जास्त होते. भारताची ‘कॅरिअर मॉर्टर ट्रॅक्ड’ ही बीएमपी-२ या सैनिक नेणाऱ्या चिलखती गाडीच्या, म्हणजे आपल्या ‘सारथ’च्या सांगाड्यावर उभी आहे. तिच्यातली ८१ मिमीची मॉर्टर सैनिक बसायच्या जागेत असते आणि छताची दारे उघडून वर मारा करते. अमेरिकेची स्ट्रायकर मालिकेतली एम११२९ हीसुद्धा १२० मिमीची मॉर्टर उघड्या छतातून चालवते. दोन्ही गाड्यांना ‘टरेट मॉर्टर’ म्हटलेले मी वाचले आहे. तसे म्हणू नका. मारा करताना यांचे छत उघडे असते, वरून येणारे लोखंडाचे तुकडे थेट आत येऊ शकतात, आणि नळी ठरावीक पट्ट्यातच फिरते. टरेटवाल्या गाडीत माणसे चिलखताआड राहून मारा करतात. सगळा खटाटोप त्यासाठीच आहे.

याची उलटी चूकही होते. टरेट आहे म्हणजे नळी चहूकडे फिरणारच, असे धरले जाते. सोव्हिएत २एस९ नोना १९८१ मध्ये सेवेत आली, विमानातून हवाई छत्रीने उतरवता येणारी १२० मिमीची गाडी. तिचा टरेट डावीउजवीकडे ३५-३५ अंशच फिरतो. मॉडेल करणाऱ्यांनो, नोनाची नळी मागे वळवून ठेवू नका. बीएमपी-३ च्या सांगाड्यावरची २एस३१ व्हेना, फिनलंड-स्वीडनची आमोस आणि पोलंडची राक यांचे टरेट मात्र पूर्ण ३६० अंश फिरतात.

धक्का ‘मागे’ जातो असे धरू नका

इथे थोडा वेळ थांबू, कारण आराखडा बहुतेक इथेच फसतो.

रणगाड्याची तोफ जवळजवळ आडवी असते, म्हणून तिचा धक्का मागे जातो. मॉर्टर ४५ अंशांच्या वर, पुष्कळदा ८० अंशांपर्यंत उचललेली असते. ८० अंशांवर धक्क्याचा सुमारे ९८ टक्के भाग सरळ खाली जातो आणि आडवा फक्त १७ टक्के उरतो. (बेरीज शंभराच्या वर जाते म्हणून दचकू नका. हे साइन आणि कोसाइन आहेत.) म्हणजे गाडी मागे ढकलली जात नाही, खाली दाबली जाते. तो दाब टरेट ज्यावर फिरतो त्या कड्यातून सांगाड्यात, तिथून सस्पेन्शनमध्ये आणि मग जमिनीत जातो.

किती दाब? उदाहरणासाठी सोपे आकडे घेऊ: १३ किलोचा बॉम्ब, सेकंदाला ३०० मीटर वेग. संवेग (वस्तुमान गुणिले वेग) झाला ३,९००. नळी सांगाड्याला घट्ट जखडली आणि हा संवेग सेकंदाच्या शंभराव्या भागात थांबवायचा ठरवला, तर सरासरी जोर सुमारे ४० टन वजनाइतका येतो. नळीला मागे सरकू दिले, तेलाच्या ब्रेकने तोच संवेग सहापट वेळ घेऊन थांबवला, तर जोर साडेसहा टनांच्या आसपास उतरतो. बाहेर फेकल्या जाणाऱ्या वायूंचा धक्का मी यात धरलेला नाही, म्हणजे खरा आकडा मोठाच असणार. रिकॉइल यंत्रणा, म्हणजे नळीला असे मागे सरकू देणारी सोय, नसलेली १२० मिमीची नळी हलक्या गाडीच्या टरेटमध्ये दाखवणारा आराखडा या एका गुणाकारावर कोसळतो.

पण रिकॉइलला जागा दिली की पुढचा प्रश्न उभा राहतो, आणि तो मला या विषयातला सर्वांत सुंदर प्रश्न वाटतो. नळी ज्या आडव्या खिळीवर वरखाली होते, तिच्या मागच्या बाजूला नळीचे बूड असते. रणगाड्याची तोफ साधारण २० अंश वर जाते, त्यामुळे बूड थोडेसेच खाली येते. मॉर्टर ८० किंवा ८५ अंशांवर गेली की बूड जवळजवळ सरळ खाली, माणसांच्या मध्ये येते, आणि धक्क्याने तिथून आणखी खाली सरकते. त्याखाली मोकळी जागा हवी, म्हणजे गाडीचा तळ पुरेसा खोल हवा. नसेल तर खीळ वर न्या. मग टरेट उंच होतो, गाडी लांबून दिसते, वजन वर चढते. खीळ पुढे सरकवा, तर टरेटचा तोल पुढे झुकतो. रिकॉइलचा प्रवास कमी करा, तर जोर वाढतो आणि कडे जाड करावे लागते. एकीकडून ओढले की दुसरीकडे उघडे पडते. म्हणून या टरेटांचे रूप कोणी सौंदर्यासाठी ठरवलेले नसते. आमोसचा टरेट ठेंगणा, रुंद पेटीसारखा का दिसत नाही, याचे उत्तर उणे ३ ते अधिक ८५ अंश या तिच्या कोनाच्या पट्ट्यात आहे.

आडव्या माऱ्याची बाजूही विसरू नका. नळी खाली आणून गाडीच्या काटकोनात झाडली, की तोच धक्का गुरुत्वमध्याच्या बराच वर, आडवा बसतो आणि गाडी बाजूला डोलते. कड्याची गणिते फक्त उंच कोनासाठी करून थांबलेले प्रकल्प मी पाहिले आहेत. दोन्ही टोके तपासावी लागतात.

तोंडाकडून भरणे म्हणजे मागासलेपण नव्हे

‘आधुनिक मॉर्टर बुडाकडून भरतात’ हे अर्धसत्य आहे. बुडाकडून भरण्याचे फायदे मोठे आहेत: माणूस चिलखताच्या आत राहतो, नळी कोणत्याही कोनात असली तरी बॉम्ब आत जातो, आडवा मारा जमतो. पण तोंडातून भरायच्या तोफेचे बूड कायमचे बंद असते. बुडाकडून भरायच्या तोफेत मात्र ते दर बॉम्बला उघडून पुन्हा वायू सुटणार नाही असे मिटवावे लागते. मिटले नाही तर धूर थेट माणसांच्या फुप्फुसांत.

तोंडाकडून भरायचे तर नळीच्या तोंडापर्यंत हात पोचला पाहिजे. नळी बाहेरून भरावी लागणे किती अवघड, हा धडा दुसऱ्या महायुद्धातल्या चर्चिल एव्हीआरई या ब्रिटिश रणगाड्याने कडू करून शिकवला. त्याच्या टरेटवर २९० मिमीचा ‘पेटार्ड’ होता, काँक्रीटची तटबंदी फोडायला जवळजवळ १८ किलोचा गोळा फेकणारा. १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरले तेव्हा त्याने मोठे काम केले. पण पल्ला शंभर मीटरच्या आतबाहेर, आणि पुन्हा भरायचा तर सांगाड्याच्या झडपेतून हात बाहेर काढून, टरेट नेमक्या जागी वळवून. शत्रूच्या तटापासून शंभर मीटरवर हे करणाऱ्या माणसाचा विचार करा.

तरीही स्वीडनने काय केले ते पाहा. आमोस ही फिनलंड आणि स्वीडनची जोडनिर्मिती. पुढे स्वीडनने सीव्ही९० या चिलखती गाडीसाठी म्योल्नर हा दुसराच टरेट घेतला, २०१६ मध्ये ४० गाड्यांची मागणी नोंदवली आणि २०१९ पासून गाड्या येऊ लागल्या. म्योल्नरला दोन नळ्या आहेत आणि त्या तोंडाकडूनच भरतात. बॉम्ब तोंडापर्यंत नेण्याचे काम यंत्रणा करते, माणसे आत राहतात. साधे बंद बूड आणि चिलखताचे संरक्षण, दोन्ही साधले. माझ्या मते हा निर्णय अतिशय समंजस होता.

तोंडाकडून भरताना एक धोका कायम असतो: आधीचा बॉम्ब सुटलेला नसताना दुसरा सोडला जाणे. गोंगाटात, घाईत असे होऊ शकते आणि त्याची किंमत जिवाने मोजावी लागते. रशियन १२० मिमी मॉर्टरच्या तोंडावर दिसणारे जाडसर उपकरण याच दुहेरी भरणीला अडवण्यासाठी असते. चित्रात ते ‘मझल ब्रेक’ (धक्का कमी करणारे उपकरण) म्हणून दाखवू नका.

दोन नळ्या म्हणजे दुप्पट ताकद?

नाही. दोन नळ्यांचा खरा उपयोग पहिल्या काही सेकंदांत आहे. मॉर्टरचा बॉम्ब उंच जातो आणि बराच वेळ हवेत राहतो. म्हणून पहिला बॉम्ब खूप उंच कोनात, पुढचे क्रमाने कमी कोनात आणि दारूच्या वेगवेगळ्या भारांनी सोडले, तर सगळे एकाच वेळी खाली येतात. समोरच्याला आडोसा गाठायला वेळच मिळत नाही. दोन नळ्या असल्या की या थोड्या वेळात जास्त बॉम्ब बसतात. त्यानंतर मात्र नळ्या तापतात, साठा संपतो आणि दुसऱ्या नळीचे वजन तेवढे उरते. फिनलंडच्याच पात्रिया कंपनीने पुढे एका नळीची नेमो काढली. ती हलकी आहे, म्हणून लहान गाड्यांवर आणि बोटींवरही चढते.

साठ्याचा हिशेब तर जवळजवळ सगळेच विसरतात. नोनात २५ बॉम्ब मावतात. मिनिटाला आठ या गतीने ते तीन मिनिटांत संपतात. म्हणून पोलंडने राक २०१७ मध्ये सेवेत घेतली ती सुटी गाडी म्हणून नव्हे. एका कंपनीत आठ मॉर्टर गाड्या, त्यांच्यासोबत आदेश गाड्या, दारूगोळा गाड्या, टेहळणी आणि दुरुस्तीच्या गाड्या. लेखात एकाच गाडीचे चित्र आणि मारगतीचा आकडा देऊन थांबलात तर निम्मी गोष्ट राहून गेली.

नळीच्या आतल्या भागाबद्दल थोडक्यात: नोनाच्या नळीला आतून आटे, म्हणजे गोळ्याला गिरकी देणाऱ्या खाचा, आहेत आणि तिच्या खास गोळ्यांच्या पट्ट्यावर आधीच खाचा असतात. आमोस, नेमो, राक यांच्या नळ्या गुळगुळीत आहेत. दोन्ही १२० मिमीच्या म्हणून गोळे आपोआप अदलाबदल करता येतात असे लिहू नका.

लहान व्यासालाही कमी लेखू नका. फ्रान्सच्या पानहार एएमएल-६० या चार चाकी गाडीच्या टरेटमध्ये १९६० च्या दशकापासून ६० मिमीची मॉर्टर होती, बुडाकडूनही भरता येणारी. इस्रायलच्या मर्कावा रणगाड्यात मोठ्या तोफेसोबत ६० मिमीची मॉर्टर आहे. मार्क १ मध्ये ती टरेटच्या बाहेर होती, मार्क २ पासून आतून भरता येऊ लागली. टेकाडामागे, भिंतीमागे दडलेल्या माणसांपर्यंत मोठी तोफ पोचत नाही, हा छोटा बॉम्ब पोचतो. धूर आणि रात्रीचा उजेड यासाठीही तोच कामी येतो.

लक्षण आणि कारण

आराखडा संगणकावर चालवून पाहणाऱ्यांचे प्रश्न बहुधा असे येतात.

बॉम्ब एका बाजूला पडतात. बहुतेक वेळा नळीवर शंका घेतली जाते. आधी गाडी किती तिरकी उभी आहे ते पाहा. नळी जितकी उभी, तितकी गाडीची बारीक तिरकस जास्त छळते. गाडी एका बाजूला फक्त १ अंश कललेली आणि नळी ८० अंशांवर असेल, तर दिशा साडेपाच अंशांहून अधिक चुकते. चार किलोमीटरवर हे अंतर ४०० मीटरच्या घरात जाते. हीच तिरकस २० अंशांवरच्या तोफेला सुमारे एक तृतीयांश अंशानेच चुकवते. म्हणून मॉर्टर टरेटला गाडीचा कल मोजून दुरुस्ती करणारी यंत्रणा लागतेच. रणगाड्याची नेमबाजी यंत्रणा जशीच्या तशी उचलून आणली तर हा दोष हमखास येतो.

पहिला बॉम्ब बरोबर, पुढचे विस्कटलेले. सस्पेन्शन दबून परत उसळते आहे आणि ते शांत होण्याआधी दुसरा बॉम्ब सुटतो आहे. मारगती कमी करा, किंवा दर बॉम्बनंतर नळीचा कोन नव्याने मोजा. मोजमाप सांगाड्यावर नको, नळीजवळ घ्या.

चालकाच्या जागी बार उडतानाच्या दाबाचा आकडा भलताच येतो. नळी पुढे आणि खाली असताना तिचे तोंड चालकाच्या झाकणाच्या अगदी वर येते का ते पाहा. उत्तर बहुधा ‘हो’ असते. त्या पट्ट्यात नळी खाली येऊच नये अशी अडवण ठेवतात किंवा झाकण बंद असल्याची खात्री यंत्रणेकडून करवून घेतात.

आणि बूड तळाला टेकते. मागच्या वर्षी एका विद्यार्थ्याने आराखडा दाखवला, सगळे नीटनेटके, नळी ४५ अंशांवर. मी त्याला ती ८५ वर नेऊन, रिकॉइल पूर्ण मागे घेऊन, टरेट पूर्ण फिरवून चित्र काढायला सांगितले. तिसऱ्या दिवशी तो परत आला. खीळ वीस सेंटिमीटर वर गेली होती, एक आसन बाजूला सरकले होते, बॉम्बांची फडताळे टरेटमागच्या कोनाड्यात गेली होती आणि भरणाऱ्याच्या हातांची जागा त्याने लाल रेघेने आखली होती. ‘बसवली आहे’ ही ओळ त्याने स्वतःच खोडली होती.