पीसी रखडतोय की नेट? आधी ते ठरवा, मग खर्च करा

जुन्या पीसीच्या बाबतीत नेहमीचा घोळ म्हणजे पेज उघडेना की आपण नेटवाल्याच्या नावाने खडे फोडतो आणि खरं तर आतली हार्ड डिस्क मान टाकत असते, किंवा मग नेटच धड नसतं आणि आपण पीसी फॉरमॅट मारून मोकळे. दोन्ही दुखणी एकत्र असली की अजूनच वैताग, कारण एक बरं केलं तरी दुसरं तसंच राहतं आणि वाटतं काहीच फरक पडला नाही.

तर पहिलं काम, नेट पूर्ण बंद करा, केबल काढा किंवा वायफाय ऑफ करा, आणि थोडा वेळ पीसी नुसता वापरून बघा. फोल्डर उघडा, एखादी जुनी एक्सेल फाईल उघडा, दोनचार फोटो बघा. हेही रखडत असेल तर नेटला दोष देऊ नका. आणि पुढे काहीही करायच्या आधी फोटो, कागदपत्रं वगैरे एक्स्टर्नल डिस्कवर कॉपी करून घ्या, हे सगळे सांगतात आणि कोणी करत नाही, पण जुन्या डिस्कचा खरंच भरवसा नसतो.

आता पीसी. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. सीपीयू, मेमरी, डिस्क असे कॉलम दिसतील, ज्यावर क्लिक कराल त्याप्रमाणे जास्त खाणारे प्रोग्राम वर येतात. पीसी चालू केल्याकेल्या डिस्क काही वेळ १०० टक्के दाखवणं हार्ड डिस्कवाल्या मशीनवर नेहमीचंच आहे, घाबरू नका. पण अर्धा तास झाला तरी आकडा तिथेच चिकटलेला असेल तर शेजारचा मेमरीचा, म्हणजे रॅमचा, कॉलम बघा, कारण खरी गोम बऱ्याचदा तिथेच असते. ४ जीबी रॅम, ब्राउझरमध्ये पंधरा टॅब, मेमरी ९० टक्के, मग विंडोज जागा करायला रॅममधलं सामान डिस्कवर टाकतं आणि लागलं की परत उचलतं, म्हणजे बोंब डिस्कची दिसते पण दुखणं रॅमचं असतं. टॅब बंद करा, ब्राउझरला जोडलेली नको ती एक्स्टेंशन काढा, आकडा खाली येतो का बघा. आला तर रॅम वाढवून फायदा होईल. घेताना आपल्या रॅमचा प्रकार डीडीआर३ की डीडीआर४ ते आधी बघा, एकाची पट्टी दुसऱ्याच्या खाचेत बसतच नाही.

मेमरी निवांत आहे आणि तरी डिस्क १००? मग हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी टाका, म्हणजे आत काहीच न फिरणारी चिपवाली डिस्क. एकाच गोष्टीवर पैसे घालायचे असतील तर माझं मत कायम एसएसडीलाच. हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते, त्यावर हेड सरकतं, एक बारीकशी फाईल शोधायला साधारण १० मिलिसेकंद जातात आणि विंडोज सुरू होताना अशा हजारो बारीक फाईली वाचतं. एसएसडीला त्याच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास वेळ लागतो. मदरबोर्ड जुना आहे म्हणून कंपनीने छापलेला स्पीड मिळणार नाही हे खरं, पण फरक त्या स्पीडने पडत नाही, या शोधाशोधीच्या वेळाने पडतो.

डिस्क खराबच होत चाललीय का हे बघायला क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात डिस्कच्या तब्येतीचा रंग निळा असेल तर ठीक, पिवळा दिसला की साफसफाई, स्कॅन सगळं थांबवा आणि आधी डेटा हलवा, आजारी डिस्कवर तासभर स्कॅन चालवणं म्हणजे दमलेल्या बैलाला अजून एक फेरी मारायला लावणं.

मग किरकोळ गोष्टी. टास्क मॅनेजरच्याच स्टार्टअप टॅबमध्ये जाऊन नको ते प्रोग्राम डिसेबल करा. दोन अँटीव्हायरस असतील तर एक काढा. पंखा घरघर करतोय आणि मशीन तापलं की स्लो होतंय तर आतली धूळ काढा, हवा मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. विंडोज १० आणि ११ मध्ये फास्ट स्टार्टअप चालू असतं तेव्हा शटडाउन पूर्ण होतच नाही, त्यामुळे मशीन ताजंतवानं करायचं तर रीस्टार्ट द्या. आणि ते पीसी बूस्टर, रजिस्ट्री क्लीनर वगैरे अजिबात नको, त्यातली निम्मी स्वतःच स्टार्टअपला येऊन बसतात.

एक गंमत, घड्याळ सारखं मागे जातंय आणि प्रत्येक साइट कनेक्शन सुरक्षित नाही म्हणतेय तर तो ना व्हायरस ना नेटचा दोष. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलाय. तारीख मागे गेली की साइटची सर्टिफिकेटं, म्हणजे साइट खरी असल्याचे दाखले, ब्राउझरला अजून मुदत सुरूच न झालेली वाटतात, बाकी काही नाही. सेल बदला, वेळ लावा, विषय संपला.

आता नेट. स्पीड टेस्ट एकदा करून काही कळत नाही, जे नेट अधूनमधून जातं ते टेस्टच्या वेळी नेमकं छान चालतं. त्यापेक्षा कमांड प्रॉम्प्ट उघडा, आयपीकॉन्फिग टाइप करा (इंग्रजीत अर्थात), त्यात डिफॉल्ट गेटवे म्हणून जो नंबर येतो तो तुमचा राउटर, बहुतेक १९२.१६८ ने सुरू होणारा. आता दोन खिडक्या शेजारी शेजारी ठेवा, एकीत राउटरला पिंग लावा, म्हणजे हाक मारून उत्तर किती वेळात येतं ते बघणारी कमांड, दुसरीत ८.८.८.८ ला म्हणजे गूगलच्या सर्व्हरला, दोन्हीकडे शेवटी स्पेस देऊन हायफन टी, म्हणजे ते थांबवेपर्यंत चालूच राहतं. मग आपलं काम करत बसा आणि नेट अडकलं की तिकडे बघा.

राउटरचं पिंग १-२ मिलिसेकंदात येतंय आणि फक्त दुसरीकडे रिक्वेस्ट टाइम्ड आउट, तर लाइनचा किंवा नेटवाल्याचा प्रॉब्लेम, त्याचा स्क्रीनशॉट काढून तक्रार करा, म्हणजे मोडेम बंद-चालू करा हे उत्तर देऊन कटवता येत नाही. फायबर असेल तर डब्यावरचा एलओएसचा लाल दिवाही बघा, तो लागला म्हणजे प्रकाशच पोचत नाहीये, तिथे आपण काही करू शकत नाही. राउटरचंच पिंग ३००-४०० वर उड्या मारतंय तर घरातलं वायफाय. दोन्ही पिंग मस्त पण साइट उघडत नाहीत तर डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा नंबर शोधून देणारी सेवा, बदलून बघा.

वायफायचं म्हणाल तर जुन्या मशीनमध्ये बहुतेक २.४ गीगाहर्ट्झच असतं आणि त्याच पट्ट्यात शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह सगळी गर्दी. राउटरमध्ये चॅनेल १, ६ किंवा ११ यातला कमी गर्दीचा निवडा. यूएसबी डोंगल वापरत असाल तर ते निळ्या यूएसबी ३ पोर्टच्या आणि तिथे लावलेल्या हार्ड डिस्कच्या अगदी शेजारी लावू नका, यूएसबी ३ चा गोंगाट २.४ मध्येच येतो, छोटी एक्स्टेंशन केबल लावून डोंगल लांब न्या. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय अडॅप्टरच्या पॉवर मॅनेजमेंटमधली, वीज वाचवायला तो बंद करू देणारी टिकही काढा. जमत असेल तर सरळ लॅन केबल ओढा, घरातला पीसी कुठे हिंडणार आहे.

कधी पिंग फक्त ठरावीक वेळी वाढतं, तेव्हा घरातले मोबाइल बघा, कोणाच्या तरी फोनवरून फोटोंचा बॅकअप वर चढत असतो आणि अपलोड भरला की सगळ्यांचंच नेट तुंबतं. पीसीवर कनेक्शन मीटर्ड, म्हणजे मोजक्या डेटाचं, करून ठेवलं तर विंडोजचे बरेचसे अपडेट तरी मध्येच ओढले जात नाहीत.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, म्हणजे आपली बरीच मशीनं बाद. जुगाड करून ११ चढवतात लोक, मी नाही सुचवणार. त्यापेक्षा लिनक्स मिंट या विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकट सिस्टीमची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती पेनड्राइव्हवर टाकून काही इन्स्टॉल न करता चालवून बघा, वायफाय पकडतंय का, प्रिंटर चालतोय का, आवाज येतोय का. पेनड्राइव्हवरून थोडं हळूच चालतं, त्यावरून स्पीड ठरवू नका.