फसलेला खजिना-शोध कसा सावरला

छत्रपती संभाजीनगरात (पूर्वीचं औरंगाबाद) भडकल गेट ते पाणचक्की या पट्ट्यात आमच्या ग्रुपनं खजिना-शोध ठेवला होता. तालमीतच बोऱ्या वाजला. पहिली चिठ्ठी होती : 'मलिक अंबरनं १६१२ मध्ये बांधलेला दरवाजा कोणता?' पोरांनी लिंबाखाली बसून मोबाइलवर उत्तर काढलं. जागचं हलतंय कोण! तिसरी चिठ्ठी गल्लीतल्या लेकरांनी पळवली (त्यांचं काय चुकलं, भिंतीच्या फटीत रंगीत कागद दिसला तर मीही ओढला असता). वर चारही संघ एकाच ठिकाणी येऊन आदळले.

मग प्रश्नच बदलले. पाणचक्कीचं पाणी काही मैलांवरून मातीच्या नळांतून येतं, हे फोन सांगतो. पण हौदात पाणी कोणत्या बाजूनं पडतं, हे तिथं उभं राहिल्याशिवाय कळत नाही. असेच प्रश्न ठेवले.

चिठ्ठ्या फटीत कोंबायचं बंद केलं आणि पानटपरीवाले मामा, सायकलवाले चाचा यांच्या हातात दिल्या. आधी जाऊन रीतसर विचारलं. चाचा तर इतके रंगले की चिठ्ठी देण्याआधी स्वतःचंच एक कोडं घालायला लागले. त्यात एक संघ वीस मिनिटं अडकला, तेवढं मात्र सावरता आलं नाही.

गर्दीवर उपाय सोपा : ठिकाणं तीच, प्रत्येक संघाचा क्रम वेगळा. शेवटचं ठिकाण तेवढं सगळ्यांना एकच. वेळही दुपारची सकाळी सातवर आणली, कारण एप्रिलच्या उन्हात खजिना कुणालाच नको असतो.

खजिना म्हणजे इमरतीचा डबा. जिंकलेल्यांच्या वाट्याला दोनच आल्या, बाकीच्या चाचांच्या दुकानात संपल्या.