आरएक्स ६४०० लावलं तरी उबुंटूत ‘एलएलव्हीएमपाइप’च दिसत असेल तर

सांगलीच्या मार्केट यार्डात मामांची हळदीची अडत आहे. तिथल्या उबुंटू पीसीला दोन मॉनिटर हवे होते. एएमडीचं आरएक्स ६४०० हे ग्राफिक्स कार्ड निवडलं: ५३ वॅट, वेगळी पॉवर केबल नको, ड्रायव्हर कर्नलमध्येच (म्हणजे उबुंटूच्या गाभ्यातच). (व्हिडिओ एडिटिंगवाल्यांनी घेऊ नये, यात हार्डवेअर एन्कोडर नाही.)

लक्षण: एकच मॉनिटर, रिझोल्यूशन १०२४×७६८ वर अडकलेलं, सेटिंग्जमध्ये ग्राफिक्सपुढे ‘एलएलव्हीएमपाइप’, म्हणजे सगळा भार प्रोसेसरवर. मेसा (ग्राफिक्सची सॉफ्टवेअर लायब्ररी) आणि कार्डाचं फर्मवेअर पुन्हा टाकलं, केबल बदलली. मामा म्हणाले, “जुनंच बसव की रं!” डोकं उठलं होतं.

कुठलं कार्ड कोणत्या ड्रायव्हरवर चालतंय ते दाखवणारी ‘एलएसपीसीआय -के’ ही आज्ञा चालवली, तर कार्डाखाली ड्रायव्हरची ओळच नाही. बूट होताना कर्नलला दिलेले पर्याय दाखवणाऱ्या ‘कॅट /प्रॉक/सीएमडीलाइन’मध्ये चोर सापडला: ‘नोमोडसेट’. जुन्या कार्डासाठी कुणीतरी घातलेला. तो पर्याय असला की एएमडीजीपीयू, म्हणजे या कार्डाचा ड्रायव्हर, सुरूच होत नाही.

उपाय याच क्रमाने (आज्ञा अर्थात इंग्रजी अक्षरांत):
१. ‘सुडो नॅनो /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब’ (ग्रब म्हणजे उबुंटू बूट करणारा प्रोग्रॅम, ही त्याची सेटिंग फाइल). ‘क्वाएट स्प्लॅश’च्या ओळीतून फक्त ‘नोमोडसेट’ काढा, अवतरणचिन्हं राहू द्या.
२. ‘सुडो अपडेट-ग्रब’. हे राहिलं तर काहीच बदलत नाही.
३. रीबूट, मग पुन्हा ‘एलएसपीसीआय -के’. आता ‘एएमडीजीपीयू’ दिसलं, दोन्ही मॉनिटर लागले.

‘नोमोडसेट’ कधी लागलाच तर ग्रब मेन्यूत ‘ई’ दाबून तेवढ्या बूटपुरता घाला.