सेवा करत लीडरशिप कशी करायची

चर्चच्या युथ ग्रुपचे लीडर झालात ना, मग आधी बायबलमधला योहान, अध्याय 13 वाचा, येशूने कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले आणि त्यात येशूला पुढे पकडून देणारा यहूदाही होता बरं का! म्हणून ज्याच्याशी आपलं पटत नाही त्याच्यापासूनच सुरुवात करा. नागपूरच्या मे महिन्यात मीटिंग असेल तर अर्धा तास आधी जा, माठ भरा, कुलरमध्ये पाणी टाका, खुर्च्या लावा, फोटो नको. बोलायचं मात्र शेवटी, लीडर आधी बोलला की बाकीचे नुसत्या माना हलवतात. कुणाचं चुकलं तर एकट्याला बाजूला घेऊन सांगा, मत्तय 18 मध्ये तेच आहे. आणि सगळं स्वतःच ओढत बसू नका, हिशोबाची वही कुणाला तरी शिकवून देऊन टाका.