वर्गात वाचनगट कसे चालवावेत

वाचनगट म्हणजे एकच पुस्तक आवडीने निवडलेल्या चार-पाच विद्यार्थ्यांनी ते आपापसांत ठरवलेल्या टप्प्यांनी वाचायचे आणि आठवड्यातून एकदा एकत्र बसून त्यावर मोकळेपणाने बोलायचे. शिक्षक पुस्तके मिळवून देतात, वेळ राखून ठेवतात आणि निरीक्षण करतात. काय बोलायचे हे मात्र मुले ठरवतात. १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनी शाळाशाळांतून होणारे कार्यक्रम चांगलेच असतात, परंतु वाचनाची सवय एका दिवसाच्या उपक्रमाने लागत नाही. त्यासाठी वेळापत्रकात दर आठवड्याला एक तासिका कायमची राखून ठेवावी लागते.

पहिली अडचण प्रतींची येते. चाळीस मुलांच्या वर्गात पाच-पाचांचे आठ गट होतात आणि प्रत्येक गटाला एकाच पुस्तकाच्या पाच प्रती लागतात. म्हणून पहिली फेरी पूर्ण पुस्तकावर न घेता कथेवर घ्यावी. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर उपलब्ध आहेत. त्यांतील चार-पाच कथांच्या छायाप्रती काढल्या तरी काम सुरू होते. पुस्तकांकडे वळताना साने गुरुजींच्या लेखनापासून आरंभ करणे सोयीचे पडते. त्यांचे निधन १९५० साली झाले असल्याने ते लेखन आता प्रताधिकारमुक्त आहे आणि त्याच्या स्वस्त आवृत्त्या सहज मिळतात. शिवाय ‘श्यामची आई’ ४२ रात्रींमध्ये विभागलेली असल्यामुळे आठवड्याला किती रात्री वाचायच्या, हे मुले स्वतःच ठरवू शकतात.

गट हजेरीपटाच्या क्रमाने किंवा गुणांवरून पाडू नयेत. उपलब्ध पुस्तकांची प्रत्येकी दोन-तीन मिनिटांत ओळख करून द्यावी, एखादा उतारा वाचून दाखवावा आणि प्रत्येकाकडून पसंतीची तीन नावे चिठ्ठीवर लिहून घ्यावीत. पहिली किंवा दुसरी पसंती बहुतेकांना देता येते. ज्याला तिसऱ्या पसंतीवर समाधान मानावे लागले, त्याचे नाव नोंदवून पुढच्या फेरीत त्याला प्रथम निवड द्यावी.

आता सर्वांत महत्त्वाचा भाग, तो म्हणजे प्रश्न. आपल्या मुलांना धड्याखालच्या स्वाध्यायाची इतकी सवय असते की, ‘प्रश्न काढा’ म्हटल्यावर ती ज्याचे उत्तर पुस्तकातील एका ओळीत सापडते असाच प्रश्न काढतात. ‘श्यामची आई’मधील पोहण्याच्या प्रसंगावर ‘श्याम कोठे लपून बसला?’ असा प्रश्न आला, तर उत्तर मिळताच चर्चा संपते. त्याच प्रसंगावर ‘भित्र्या मुलाला मारून पाण्यात पाठवणे आईने योग्य केले का?’ असे एखाद्या मुलीने विचारले, तर गटात दोन बाजू पडतात, आणि प्रत्येक बाजूला आपले म्हणणे सिद्ध करण्यासाठी पुन्हा पुस्तक उघडावे लागते. नववीच्या मुलांनी व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ घेतली असेल, तर ‘गावात तालीम बांधण्याचे काम मास्तरांनी अंगावर का घेतले?’ हा प्रश्न एक तासिका पुरून उरतो. म्हणून पहिले दोन आठवडे गट न पाडता संपूर्ण वर्गाला एकच कथा मोठ्याने वाचून दाखवावी, प्रत्येकाकडून एक प्रश्न लिहून घ्यावा आणि फळ्यावर त्यांचे दोन भाग करावेत: ज्यांचे उत्तर एका ओळीत सापडते ते, आणि ज्यांवर दोन माणसांचे मत वेगळे पडू शकते ते. त्यानंतर पाच मुलांना वर्गाच्या मधोमध बसवून दुसऱ्या प्रकारच्या एका प्रश्नावर बोलू द्यावे. बाकीच्यांनी भोवती बसून, कोणी कोणाचे म्हणणे पुढे नेले, एवढेच टिपावे. माझ्या मते ही तयारी टाळून थेट गट पाडणे हेच वाचनगट फसण्याचे मुख्य कारण असते.

अमेरिकेतील शिक्षणतज्ज्ञ हार्वी डॅनियल्स यांनी १९९४ च्या आपल्या पुस्तकातून ही पद्धत शिक्षकांपर्यंत पोहोचवली, तेव्हा गटातील प्रत्येकाला एक भूमिका देण्याची रीत रूढ झाली: प्रश्न काढणारा, उतारा निवडणारा, अनुभवाशी सांधा जोडणारा, शब्द शोधणारा, चित्र काढणारा, सारांश सांगणारा. सुरुवातीला या भूमिकांचा आधार वाटतो. परंतु मुले आपल्या भूमिकेचे काम ज्यावर लिहून आणतात तो तक्ता वाचून दाखवतात आणि गप्प बसतात, हेही लवकरच दिसू लागते. २००२ च्या सुधारित आवृत्तीत डॅनियल्स यांनीच हे तक्ते तात्पुरते असावेत असे बजावले. पहिल्या फेरीनंतर ते बंद करावेत. त्यांच्या जागी पाठकोऱ्या कागदांच्या लहान चिठ्ठ्या द्याव्यात. वाचताना जिथे शंका आली, राग आला किंवा काही पटले नाही, तिथे दोन शब्द लिहून चिठ्ठी त्याच पानात ठेवावी.

पस्तीस मिनिटांच्या तासिकेत पाच मिनिटे चिठ्ठ्या चाळण्यासाठी, पंचवीस मिनिटे चर्चेसाठी आणि उरलेली पाच पुढील आठवड्याची पाने ठरवण्यासाठी ठेवावीत. एकच मूल बोलत राहत असेल, तर प्रत्येकाला तीन चिंचोके द्यावेत आणि बोलताना एक मध्ये ठेवायला सांगावे. सर्वांचे संपल्याशिवाय कोणालाही चौथ्यांदा बोलता येत नाही. आपले मत मांडताना पान दाखवावे, हा एक नियम सर्वांनी पाळावा. मुलांना अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी, जी घरची बोली असेल तिच्यात बोलू द्यावे. प्रमाणभाषेची दुरुस्ती चर्चेच्या मध्ये केली की मूल पुन्हा तोंड उघडत नाही. शिक्षकांनी गटापासून थोडे दूर बसावे. मुले ‘बाई, बरोबर काय?’ असे विचारतील. उत्तर न देता ‘पुस्तकात कशावरून वाटते?’ एवढेच विचारावे आणि शांतता पसरली तरी घाईने ती भरू नये.

ज्या मुलांचे वाचन संथ आहे, त्यांना सोपे पुस्तक देऊन वेगळा गट करू नये. जोडीदाराने मोठ्याने वाचावे किंवा शिक्षकांनी मधल्या सुट्टीत काही पाने वाचून दाखवावीत. ऐकून आलेले मूल चर्चेत कोठेही कमी पडत नाही.

आठवीपर्यंतच्या आकारिक (म्हणजे शिकत असतानाच वर्गात होणाऱ्या) मूल्यमापनात दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम आणि उपक्रम ही साधने आहेतच, त्यामुळे वाचनगटासाठी वेगळी परीक्षा लागत नाही. प्रत्येक तासिकेत दोन गटांजवळ बसून, कोणी पुरावा दाखवला, कोणी दुसऱ्याला बोलते केले, कोणी आपले मत बदलले, हे वहीत नावानिशी नोंदवावे. मताला गुण देऊ नयेत. पुस्तक संपल्यावर प्रत्येकाने गटात सर्वाधिक वाद झालेल्या प्रश्नावर एक पान लिहावे. त्यानंतर नव्या चिठ्ठ्या, नवी पसंती आणि नवे गट करून पुढची फेरी सुरू करावी.