‘बॉक्स गेला’ म्हणण्याआधी: जुन्या ऑटोमॅटिक पिकअपचा गिअरबॉक्स कसा तपासावा, कसा दुरुस्त करावा

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या गायमुखच्या चढावर माझी पिकअप पहिल्यांदा सटकली तेव्हा मागे कुंड्या भरलेल्या होत्या. अ‍ॅक्सिलरेटर दाबला, इंजिन ओरडलं, आरपीएमचा काटा तीन हजारांवर गेला आणि गाडी जागची हलेना. दुसऱ्या दिवशी एका गॅरेजमध्ये गाडीखाली न वाकताच निकाल मिळाला, “बॉक्स गेला, पूर्ण खोलावा लागेल.” प्रत्यक्षात कूलरकडे जाणारा ऑइलचा रबरी पाइप क्लिपपाशी झिरपत होता आणि ऑइल दीड लिटर कमी भरलं. तेव्हापासून जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतलेल्या प्रत्येकाला मी एकच सांगतो: बॉक्स उतरवायचा निर्णय सगळ्यात शेवटी घ्या. त्याआधीची कामं रविवारी सोसायटीच्या आवारातही होतात.

ऑटोमॅटिक बॉक्स ऑइलच्या दाबावर चालतो. इंजिनच्या फिरण्यावर आतला पंप चालतो, त्याच्या दाबाने क्लच प्लेटा एकमेकींवर आवळल्या जातात आणि गिअर पडतो. ऑइल कमी झालं की पंप हवा ओढतो, फेस होतो, दाब पडतो आणि प्लेटा सटकायला लागतात. सटकल्या की तापतात, तापल्या की जळतात. म्हणून पहिल्या सटकण्यालाच गाडी थांबवलेली बरी. घोडबंदर रोडवर किंवा शिळफाट्याला तासभर रांगेत सरकणाऱ्या भरलेल्या गाडीचं ऑइल तसंही जास्त तापतं.

हत्यारं काढण्याआधी दोन दिवस वही ठेवा. त्रास थंड गाडीला होतो की तापल्यावर? सगळ्या गिअरला की एकाच बदलाला? रिव्हर्स टाकल्यावर गाडी पकडायला किती वेळ घेते? सगळेच गिअर सटकत असतील तर संशय ऑइलची पातळी, ऑइल गाळणारी तुंबलेली जाळी किंवा पंपावर. दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जातानाच त्रास असेल तर त्या गिअरचा सोलेनॉइड (ऑइलची वाट उघडझाक करणारा विजेचा व्हॉल्व्ह) किंवा क्लच. फक्त तापल्यावर त्रास होत असेल तर आतली सीलं झिजलेली असू शकतात. गाडी अचानक एकाच गिअरमध्ये अडकून बसली आणि दिवा लागला, तर बहुधा कॉम्प्युटरने बॉक्सला वाचवण्यासाठी तसं केलेलं असतं. मग आधी वायरिंग बघायचं.

आता ऑइल. डिपस्टिक, म्हणजे पातळी बघायची कांडी, असेल तर गाडी सपाट जागी लावा, इंजिन तापवा, ब्रेक दाबून लिव्हर प्रत्येक गिअरमधून हळू फिरवून पार्कवर आणा आणि इंजिन चालू ठेवूनच कांडी बघा. काही कंपन्या न्यूट्रलमध्ये बघायला सांगतात, त्यामुळे गाडीचं पुस्तक एकदा वाचा. नंतरच्या अनेक सहा-गिअरच्या बॉक्सना कांडीच नसते. तिथे ऑइल ठरावीक तापमानाला असताना, बहुतेकदा ४० अंशांच्या आसपास, खालचा पातळीचा बोल्ट उघडून बारीक धार येते का ते बघतात. त्यासाठी गाडी चारही बाजूंनी सारखी उचललेली हवी.

दोन थेंब पांढऱ्या कागदावर सोडा. लालसर असेल तर ठीक. तपकिरी म्हणजे म्हातारं झालेलं. काळं आणि जळका वास असेल तर प्लेटा जळाल्या आहेत. आणि दुधाळ गुलाबी दिसलं तर पाणी शिरलंय. वंदना टॉकीजसमोर पावसाळ्यात साचतं तशा पाण्यातून गाडी काढली असेल तर हे जरूर तपासा, कारण पाण्याने प्लेटांवरचं अस्तर सुटतं. रेडिएटरमधला कूलर आतून फुटला तरी हाच रंग येतो. अशी गाडी चालवू नका.

विजेची बाजू लोक विसरतात. बॅटरी बंद इंजिनवर १२.६ व्होल्टच्या आसपास हवी, चालू इंजिनवर साधारण १३.८ ते १४.४. व्होल्टेज कमी असेल तर सोलेनॉइड वेडेवाकडे वागतात आणि दोष बॉक्सवर येतो. इंजिन आणि चासीमधली अर्थिंगची पट्टी घासून घट्ट करा. बॉक्सवरचा कनेक्टर काढून बघा. खाडीकाठच्या दमट हवेत त्याच्या पिनांवर हिरवट गंज धरतो, आणि कनेक्टरमध्ये ऑइल दिसलं तर त्याचं सील गेलंय. मग स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषाचे कोड वाचणारं यंत्र, लावा. पी ०७०० हा कोड फक्त ‘बॉक्सच्या कॉम्प्युटरकडे विचारा’ एवढंच सांगतो, त्यामुळे बॉक्सचे कोड वाचू शकणारा स्कॅनर हवा. पी ०७३० म्हणजे गिअरचं प्रमाण जुळत नाही, पी ०७४१ म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरचा (इंजिनची ताकद ऑइलमधून बॉक्सला देणाऱ्या भागाचा) लॉकअप क्लच, म्हणजे इंजिन आणि बॉक्स थेट जोडणारा क्लच, लागत नाही.

यानंतरही त्रास राहिला तर चेंबर, म्हणजे बॉक्सच्या तळाचं ऑइलचं भांडं, उघडायचा. गाडी नुसत्या जॅकवर असताना खाली कधीही शिरू नका. चाकांना ठोकळ्यांची ओट लावा, चासीखाली स्टँड द्या, ऑइल कोमट होऊ द्या. मोजमापाच्या भांड्यात ऑइल काढा, कारण जितकं निघालं तितकंच परत घालायचं आहे. पातळी आधीच कमी असेल तर तेवढी भर वेगळी. ड्रेन बोल्ट नसेल तर चेंबरचे बोल्ट एका कोपऱ्याकडून सैल करत त्या बाजूने ऑइल सांडू द्या.

चेंबरमधली चुंबकं हा खरा रिपोर्ट आहे. त्यांच्यावर करड्या रंगाचा मऊ लगदा असणारच, ती नेहमीची झीज. टोचणारे लोखंडी कपचे दिसले तर गिअर किंवा बेअरिंग तुटतंय. चेंबरच्या तळाशी पिवळसर कण म्हणजे बुश झिजलेत, काळा चुरा म्हणजे क्लचचं अस्तर. चुंबकं पुसून जागेवर लावा. जाळी बदला, आणि तिची जुनी ओ-रिंग वर चिकटून राहिली नाही ना ते बोटाने चाचपा. दोन रिंगा बसल्या की पंप हवा ओढतो. नवं पॅकिंग लावून बोल्ट आडवे-तिडवे, हलक्या हाताने आवळा. अ‍ॅल्युमिनियमचे आटे लगेच जातात.

ऑइल पुस्तकात लिहिलंय तेच घ्या. कुर्ल्याच्या बाजारातून पार्ट स्वस्त आणलात तरी ऑइलमध्ये तडजोड नको. चेंबरमधून एकूण ऑइलच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंतच निघतं, बाकीचं मुख्यतः कन्व्हर्टरमध्ये राहतं. म्हणून काही दिवसांच्या अंतराने दोन-तीनदा बदला. जुन्या बॉक्सला मशीनने दाबाचा फ्लश मात्र मी करू देत नाही. सुटलेली घाण व्हॉल्व्हच्या बारीक वाटांत अडकण्याचा धोका असतो. जुनं ऑइल कॅनमध्ये भरून, रिसायकलिंगला पाठवणाऱ्या गॅरेजला द्या, गटारात नको.

पहिली चाचणी रिकाम्या गाडीने, सपाट रस्त्यावर. दुसरी चढावर. पन्नासेक किलोमीटरनंतर पातळी पुन्हा बघा आणि चेंबरच्या कडेला ओलावा आहे का ते हात फिरवून तपासा.

एवढं करूनही सटकत असेल, किंवा कपचे सापडले असतील, तर बॉक्स उतरवावा लागतो. वागळे इस्टेटच्या गॅरेजला न्या किंवा तुर्भ्याच्या, आधी तीन गोष्टी ठरवून घ्या: व्हॉल्व्ह बॉडी (ऑइल योग्य क्लचकडे वळवणारा भाग) तपासणार का, टॉर्क कन्व्हर्टर बदलणार की कापून नव्याने भरणार, आणि कूलर व त्याचे पाइप धुणार का. जुन्या कूलरमधला चुरा नव्या प्लेटा पहिल्याच आठवड्यात खराब करू शकतो. तिथपर्यंत गाडी फ्लॅटबेडवरच, म्हणजे सपाट ट्रकवर चढवूनच, न्या. दोरीने ओढली तर मागची चाकं बॉक्स फिरवतात आणि बंद इंजिनमुळे पंप ऑइल देत नाही.